स्वस्त क्रीम आणि सरावलेला हात

ब्रश आणि सेफ्टी रेझर वापरून वर्षानुवर्षे दाढी करणाऱ्यांमध्ये एक समज चांगलाच रुजलेला आहे. हात जसजसा सरावत जातो तसतसे क्रीमही चढत्या भाजणीने महाग होत गेले पाहिजे, असा तो समज. ट्यूबमधले साधे, कुठेही सहज मिळणारे क्रीम नवशिक्यांसाठी आणि जाड काचेच्या किंवा लाकडी डबीतले क्रीम जाणकारांसाठी, अशी विभागणी मग आपोआप होते. माझे मत याच्या उलट आहे. महाग क्रीमचा ब्लेडखाली जाणवणारा जो फायदा असतो, तो नवशिक्याच्या पदरात अधिक पडतो. सरावलेल्या माणसाला त्यातले फारसे काही लागत नाही, आणि स्वस्त क्रीममधून उत्तम दाढी करून घेणे साधलेच तर ते त्यालाच साधते.

येथे मी फक्त ब्रशने फेस काढायच्या क्रीमबद्दल लिहितो आहे. डब्यातून दाबून निघणारा तयार फेस आणि ब्रशविना नुसते चोळायचे क्रीम हे वेगळे प्रकार आहेत आणि त्यांचे गुणदोषही वेगळे आहेत. स्वस्त म्हणजे काय, याचीही एकच व्याख्या पुरेशी आहे: जे संपले तर पुन्हा घेताना विचार करावा लागत नाही ते स्वस्त.

क्रीमच्या चांगुलपणाची चर्चा करण्याआधी त्याच्याकडून आपण नेमके कोणते काम करून घेतो, हे पाहिले पाहिजे, कारण हे काम लोकांना वाटते तेवढे मोठे नाही. दाढीचा कोरडा केस कापायला चिवट असतो. केस ज्या केराटिन नावाच्या प्रथिनाचा बनलेला असतो, त्याच्या साखळ्यांना एकत्र धरून ठेवणारे काही बंध पाण्याने सैल होतात, केस फुगतो आणि तो कापायला लागणारा जोर बराच कमी होतो. केस आपल्या वजनाच्या सुमारे ३० टक्के पाणी शोषू शकतो, मात्र त्यासाठी त्याला दोन-तीन मिनिटे द्यावी लागतात. म्हणजे केस मऊ करण्याचे मुख्य काम क्रीम करतच नाही, ते पाणी करते. क्रीमकडे उरतात ती तीन कामे. केसावरचा तेलकट थर काढून पाण्याला वाट करून द्यायची, आत गेलेले पाणी दाढी संपेपर्यंत उडून जाऊ द्यायचे नाही, आणि ब्लेड व त्वचा यांच्यामध्ये निसरडा थर राखायचा. ही कामे साबण फार पूर्वीपासून नीट करत आला आहे आणि त्यासाठी लागणारा कच्चा माल दुर्मीळ नाही. अंघोळीनंतर लगेच दाढी करणाऱ्याच्या बाबतीत तर पहिले काम क्रीमच्या आधीच झालेले असते.

हा कच्चा माल कोणता, हे ट्यूबच्या पाठीवर छापलेले असते, पण ते वाचण्याची सवय फार थोड्यांना असते. दाढीच्या क्रीमचा कणा म्हणजे स्टिअरिक ॲसिड हे मेदाम्ल आणि पोटॅशियम हायड्रॉक्साइड हा अल्कली. या दोघांच्या संयोगाने तयार होणारा पोटॅशियमचा साबण मऊ असतो आणि पाण्यात पटकन विरघळतो, म्हणून त्याचे क्रीम होते. सोडियमचा साबण कडक असतो, म्हणून त्याच्या वड्या पडतात. दाढीच्या घट्ट साबणात बहुधा दोन्ही अल्कली मिसळलेले असतात. स्टिअरिक ॲसिडपासून होणारा फेस बारीक, दाट आणि टिकाऊ असतो, पण तो सावकाश वर येतो. नारळाच्या तेलातील मेदाम्लांचा आणि मिरिस्टिक ॲसिडचा फेस झटकन उठतो, पण त्याचे बुडबुडे मोठे असतात आणि लवकर बसतात. क्रीम बनवणारा या दोन स्वभावांचे प्रमाण जुळवतो, त्यात पाणी धरून ठेवणारे ग्लिसरीन घालतो आणि थोडे स्टिअरिक ॲसिड अल्कलीशी संयोग न होता मोकळे राहील असे पाहतो. काही क्रीमला मोत्यासारखी जी झाक दिसते, ती याच मोकळ्या स्टिअरिक ॲसिडची.

आता दोन याद्या शेजारी ठेवाव्यात. लंडनच्या टेलर ऑफ ओल्ड बॉन्ड स्ट्रीट या १८५४ सालापासून चालत आलेल्या नावाच्या डबीवर पाणी, स्टिअरिक ॲसिड, मिरिस्टिक ॲसिड, पोटॅशियम हायड्रॉक्साइड, नारळाची मेदाम्ले आणि ग्लिसरीन अशी नावे वाचायला मिळतात. इटलीचे प्रोरासो हे स्वस्त क्रीममध्ये मोडते, निदान त्याचे चाहते तरी त्याला तसेच मानतात. त्याच्या ट्यूबवर पाणी, स्टिअरिक ॲसिड, नारळाचे तेल आणि पोटॅशियम हायड्रॉक्साइड ही नावे सापडतात. कंपन्यांची नावे झाकून या दोन याद्या कोणाला दाखवल्या, तर महाग कोणती हे त्याला रसायनशास्त्रावरून ओळखता येणार नाही. प्रमाणे वेगळी असतात, कच्च्या मालाची शुद्धता वेगळी असू शकते, आणि हे फरक खरे आहेत. पण ते किमतीतल्या तफावतीच्या मानाने फार लहान आहेत.

यादी वाचताना एक गोष्ट लक्षात ठेवावी. बहुतेक देशांच्या नियमांनुसार घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहावे लागतात आणि एक टक्क्याहून कमी असलेले घटक शेवटी कोणत्याही क्रमाने लिहिता येतात. कोरफड, चंदन, जीवनसत्त्वे, रेशमाची प्रथिने अशी जी नावे ट्यूबच्या दर्शनी भागावर ठळक अक्षरांत झळकतात, ती मागच्या यादीत बहुधा सुगंधाच्या आगेमागे कुठेतरी सापडतात. त्यांचे प्रमाण इतके थोडे असते की त्यांच्यासाठी जास्त पैसे मोजण्यात मला अर्थ दिसत नाही. तसेच ‘त्वचेच्या पीएचशी जुळणारे’ या दाव्याचे. खऱ्या साबणापासून केलेले क्रीम अल्कधर्मीच असणार, त्याचा पीएच साधारण ९ ते १० च्या घरात असणार आणि त्वचेचा पीएच मात्र ५ च्या आसपास. यात महाग-स्वस्त असा भेद नाही. उलट या अल्कलीमुळे केस थोडा अधिक फुगायला मदतच होते.

मग दोन क्रीममध्ये सगळ्यांना जाणवणारा फरक येतो कुठून? माझ्या मते तो मुख्यतः पाण्याच्या प्रमाणातून येतो, आणि सरावलेल्या हाताचा मुद्दा सुरू होतो तो इथेच. दाट, डबीतले महाग क्रीम पाण्याच्या बाबतीत सोशीक असते. ब्रश थोडा जास्त ओला असला तरी त्याचा फेस कोसळत नाही, थोडा कोरडा असला तरी काम चालते. स्वस्त क्रीमला ही मोकळीक थोडी कमी असते. पाणी दोन-चार थेंब कमी पडले की फेस घट्ट, चिकट होतो आणि ब्लेड अडखळते. पाणी जास्त झाले की फेस पातळ होऊन हनुवटीवरून ओघळतो. योग्य प्रमाणाचा पट्टा असतो, पण तो अरुंद असतो. नवशिक्याला तो पट्टा सापडत नाही आणि तो क्रीमला नावे ठेवतो. ज्याने बरीच वर्षे ब्रश फिरवला आहे, त्याला फेसाचा आवाज आणि ब्रशच्या टोकांना जाणवणारा विरोध यांवरून पाणी कधी पुरे झाले ते कळते. त्याच्यासाठी पट्टा अरुंद असला काय आणि रुंद असला काय, दोन्ही सारखेच.

स्वस्त क्रीमसाठी माझी पद्धत अशी आहे. ब्रश भिजवून घ्यावा आणि तो जवळजवळ ठिबकेनासा होईपर्यंत झटकावा. क्रीम एका बदामाएवढे, म्हणजे वजनाने साधारण एक ते दीड ग्रॅम, घेऊन ब्रशच्या मध्यावर ठेवावे आणि ओल्या गालावर सुरुवातीला हलक्या हाताने गोल फिरवावे. या वेळी दिसतो तो लेप असतो, फेस नव्हे, आणि तसाच तो असायला हवा. मग ब्रशची टोके पाण्यात बुडवून तीन-चार थेंब घ्यावेत, फिरवावे, पुन्हा थेंब घ्यावेत. हे तीन-चारदा करताना लेपाची चमक वाढत जाते. फेसावर ओलसर झळाळी आली, मोठे बुडबुडे दिसेनासे झाले आणि दोन बोटांमध्ये फेस घेऊन चोळल्यावर बोटे एकमेकांवरून सहज घसरू लागली, की थांबावे. यात फार तर एक मिनिट जास्त जाते, आणि ते मिनिट केस भिजण्यासाठी हवेच असते, त्यामुळे ते वाया गेले असे म्हणता येत नाही.

पांढऱ्याशुभ्र, उंच, जाहिरातीत शोभेल अशा फेसाच्या मागे लागणे मात्र सोडावे लागते. फेसाचा बराचसा भाग हवा असतो आणि हवा ब्लेडला निसरडेपणा देत नाही. तो देतो साबण आणि पाण्याचा पातळ थर. काही स्वस्त क्रीममध्ये सोडियम लॉरिल सल्फेटसारखा डिटर्जंट घातलेला असतो. त्याने फेस चटकन आणि भरपूर येतो, डोळ्यांना समाधान मिळते, पण तेवढ्याने दाढी चांगली होत नाही, शिवाय काहींच्या त्वचेला तो कोरडेपणा आणतो. असे क्रीम वाडग्यात जोराने घुसळण्यापेक्षा थेट चेहऱ्यावर, ब्रश दाबून आणि सावकाश फिरवून वापरले तर हवा कमी मिसळते. फेस दिसायला कमी होतो आणि कामाला जास्त येतो.

पाण्याचे प्रमाण साधले तरी कधीकधी फेस धरत नाही, आणि त्याचे खापर क्रीमवर फुटते. अशा वेळी पाण्याचा जडपणा तपासून पाहावा. जड पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियम विरघळलेले असतात. साबण त्यांच्याशी संयोग पावून न विरघळणारा चोथा तयार होतो, आणि फेसासाठी लागणारा साबण त्यातच खर्च होतो. बेसिनच्या कडेला जमणारी करडी साय म्हणजे हाच चोथा. चांगले बनवलेले क्रीम यावर उपाय म्हणून ईडीटीए किंवा एटिड्रोनिक ॲसिडसारखे धातूंना बांधून ठेवणारे द्रव्य वापरते. ही द्रव्ये महाग नाहीत, त्यामुळे ती स्वस्त ट्यूबमध्येही सर्रास असतात, आणि उलट ‘नैसर्गिक’ म्हणवणाऱ्या महागड्या डबीतून ती मुद्दाम वगळलेली असू शकतात. जड पाण्याच्या घरात अशी डबी साध्या ट्यूबपुढे हरते, याचे मला मुळीच आश्चर्य वाटत नाही. खात्री करायची असेल तर एक दिवस बाटलीतल्या ऊर्ध्वपातित पाण्याने ब्रश भिजवून, त्याच पाण्याचे थेंब घेत फेस काढावा. फेस सुधारला तर दोष पाण्याचा होता, आणि मग क्रीम बदलून पैसे घालवण्याची गरज उरत नाही. तेवढेच पाणी रोज ब्रशपुरते वापरले तरी पुरते.

दोन क्रीमची तुलना करायची असेल तर ती प्रामाणिकपणे करणे अवघड आहे, असे मला वाटते. एका गालावर एक आणि दुसऱ्या गालावर दुसरे, तेच ब्लेड, तोच ब्रश, आणि दुसऱ्या दिवशी गालांची अदलाबदल, इतके तरी करावे लागते, कारण दोन्ही गालांवर केसांची दिशा सारखी नसते आणि उजव्या हाताने काम करणाऱ्याचा हात डाव्या गालावर वेगळ्या कोनातून जातो. नव्या क्रीमबरोबर नवे ब्लेड काढण्याचा मोह तर हमखास होतो, आणि मग ब्लेडचे श्रेय क्रीमच्या खात्यावर जमा होते. एवढे करूनही सुगंध सगळे उघडे पाडतोच. महाग कोणते हे नाकाला आधीच कळलेले असते आणि मग गालालाही ते तसेच वाटू लागते. नाकाला चिमटा लावून दाढी करणारा माणूस मी अजून पाहिलेला नाही, आणि तोवर या विषयावरच्या बहुतेक मतांकडे, माझ्याही, थोडे सावधपणे पाहिलेले बरे.

सुगंधाचा विषय निघालाच आहे तर स्वस्त क्रीमची खरी कमजोरी बहुधा तीच आहे, हेही सांगितले पाहिजे. किंमत कमी ठेवायची तर काटछाट आधी सुगंधात होते. त्यातून कधी नाकात जाणारा उग्र वास येतो, कधी मेंथॉलचा मारा केलेला असतो. ज्याची दाढी एका हातात, म्हणजे चेहऱ्यावरून रेझर एकदाच फिरवून, आटोपते, त्याला हे फारसे जाणवत नाही. पण सुलटा, आडवा आणि मग उलटा असे तीन हात फिरवणाऱ्याच्या चेहऱ्यावर क्रीम तीनदा लागते, बराच वेळ राहते, आणि तेही प्रत्येक हातागणिक अधिकाधिक खरवडल्या गेलेल्या त्वचेवर. लिनालूल, लिमोनीन अशा सुगंधी द्रव्यांची काहींना ॲलर्जी असते, म्हणून युरोपात त्यांची नावे यादीत वेगळी छापावी लागतात. लिलिअल हे अनेक प्रसाधनांत वापरले जाणारे सुगंधी द्रव्य तर तेथे १ मार्च २०२२ पासून बंदच झाले. दाढीनंतर नियमाने आग होत असेल, तर महाग क्रीमकडे जाण्याऐवजी बिनवासाच्या क्रीमकडे जावे. महाग क्रीममध्ये सुगंध अधिक चांगला असतो, पण तो कमी असतो असे नाही, आणि नैसर्गिक तेलांचा सुगंध असला म्हणून ॲलर्जी टळत नाही.

दुसरी उणीव मला अधिक गंभीर वाटते. फेस ब्लेडबरोबर निघून गेल्यावर मागे उरणारा जो निसरडेपणा असतो, त्यात साधी क्रीम अनेकदा कमी पडतात. सेफ्टी रेझरने एका जागेवरून एकदाच ब्लेड नेणाऱ्याला त्याचे काही वाटत नाही. पण जबड्याखाली, जिथे केसांचे भोवरे असतात, तिथे पुन्हा फेस न लावता छोटे छोटे फटकारे मारून दाढी गुळगुळीत घोटण्याची ज्यांना सवय आहे, त्यांना हा उरलेला थर लागतो. उघड्या वस्तऱ्याने दाढी करणाऱ्यांना तर तो लागतोच, कारण त्यांचा हात सावकाश चालतो आणि ब्लेडला कोणतेही कुंपण नसते. लॅनोलिन, शिया बटर किंवा बेंटोनाइट माती घालून थोड्या प्रमाणात हाताने बनवलेले साबण इथे खरोखर सरस ठरतात, आणि वस्तरा वापरणाऱ्याने त्यासाठी पैसे खर्च केले तर मी त्याला वायफळ खर्च म्हणणार नाही. मात्र हे श्रेय त्या साबणांचे आहे. महाग क्रीमना ते सरसकट देता येत नाही, कारण डबीतली कित्येक क्रीम या बाबतीत ट्यूबच्या दोन पावलेही पुढे नसतात. सेफ्टी रेझर वापरणाऱ्याला तर साधा उपाय आहे: घोटायच्या जागी ओला ब्रश पुन्हा एकदा फिरवावा. ब्रशमध्ये तेवढा फेस शिल्लक असतोच.

त्वचा कोरडी पडण्याची तक्रार मी क्रीमच्या खात्यात धरत नाही. धुऊन टाकायच्या पदार्थाकडून त्वचेच्या पोषणाची अपेक्षा करण्यापेक्षा ती नंतर लावायच्या बामकडून करावी.

सुखासाठी महाग क्रीम घ्यावे की नाही, हा प्रश्न वेगळा आहे आणि त्याचे उत्तर ज्याचे त्याने द्यावे. गुलाबाचा किंवा लव्हेंडरचा चांगला सुगंध, जड झाकणाची डबी, सकाळची ती पंधरा मिनिटे, यांत आनंद आहे आणि तो मलाही कळतो. माझा आक्षेप आहे तो या आनंदाला कौशल्याची पायरी मानण्याला. हिशेब करायचाच तर १०० ग्रॅमची ट्यूब एक ते दीड ग्रॅमच्या मापाने सत्तर ते शंभर दाढ्यांना पुरते. डबीतले क्रीम बोटाने किंवा ब्रशने घेताना हे माप राहत नाही, आणि नव्या डबीचा तर पहिल्या आठवड्यात फडशाच पडतो. शिवाय ओले बोट पुन्हा पुन्हा आत जाते, झाकण उघडे राहिले की क्रीम वाळते. वापरायची वस्तू म्हणून पाहिले तर ट्यूब हा अधिक शहाणा प्रकार आहे.

अनुभवी माणसाने स्वस्त क्रीम वापरताना एकच पथ्य पाळावे लागते. मोठ्या प्रमाणावर तयार होणाऱ्या क्रीमची कृती गाजावाजा न करता बदलते, आणि एकाच नावाचे क्रीम दोन वेगळ्या कारखान्यांतून दोन वेगळ्या याद्यांसह बाहेर पडू शकते. परवापर्यंत उत्तम चालणारी ट्यूब अचानक बेचव झाल्यासारखी वाटते, ती त्यामुळे. म्हणून नवी ट्यूब उघडण्याआधी जुनी टाकून देऊ नये. दोन्हींच्या याद्या ताडून पाहाव्यात, आणि ग्लिसरीन खाली सरकलेले किंवा नारळाची मेदाम्ले स्टिअरिक ॲसिडच्या वर चढलेली दिसली, तर त्या ट्यूबला पाणी पूर्वीपेक्षा कमी आणि क्रीम थोडे जास्त घेऊन पाहावे. आठवडाभरात जमले नाही तर दुसरे स्वस्त क्रीम शोधावे.